गुऱ्हाळातली वाफ रंगवताना

मागच्या चार वर्षांत मी एकच चित्र काढतेय असं म्हटलं तरी चालेल. कॅनव्हास वेगळे, साइज वेगळे, पण विषय तोच, आमचं गुऱ्हाळ, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळणारा रस आणि त्यातून वर जाणारी वाफ. ऑइल कुठं शिकलीस, कुणाचं बघून शिकलीस असं बरेच जण विचारतात आणि दरवेळी मी अर्धवटच काहीतरी सांगते, म्हणून एकदा सलग लिहून काढते, थोडं लांबेल.

आमचं गाव पन्हाळा तालुक्यात. दिवाळी झाली की चुलवाण पेटतं ते उन्हाळा लागेपर्यंत. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, घाण्यातून रस निघतो तो मोठ्या काहिलीत घेतात, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जाळतात, रस तापला की भेंडीची झाडं चेचून काढलेलं बुळबुळीत पाणी त्यात घालतात, त्यानं मळी वर येते ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रस उसळायला लागतो, आधी हिरवट, मग पिवळट, मग तांबूस होत जातो, बुडबुडे लहानाचे मोठे होतात, आणि शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडासा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो. गोळी झाली की चार-पाच माणसं धावतात, काहील उतरते, वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या खोलगट जागेत, ओततात. या सगळ्यात किमान दोन-अडीच तास जातात आणि तेवढा वेळ छपराखाली वाफच वाफ असते. लहानपणी मी त्या वाफेत उभी राहून पेन्सिलीनं आण्णांना काढायचे, कागद ओला होऊन गोळा व्हायचा.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या, बारावीनंतर कोल्हापुरात एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केली, आणि आता एका हायस्कूलला तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. एटीडीला ऑइल फारसं नव्हतंच, वॉटरकलर, पोस्टर कलर, स्टिल लाइफ (मांडलेल्या वस्तूंची चित्रं), अक्षरलेखन असंच जास्त. ऑइलचा पहिला बॉक्स मी पहिल्या मानधनातून घेतला, कॅमलचा, बारा ट्यूबांचा, आणि त्यातली पांढरी ट्यूब दहा दिवसांत संपली. हे मुद्दाम सांगते कारण माझी सगळी चूक त्या पांढऱ्या ट्यूबमध्येच होती.

मला वाटायचं वाफ म्हणजे पांढरा रंग. गडद बॅकग्राउंड मारायची आणि वरून पांढरा ब्रश फिरवायचा, झाली वाफ. पहिल्या तीन-चार चित्रांत ती वाफ कापसासारखी दिसायची, काहिलीवर गादी पिंजल्यासारखी. त्यात खालचा रंग ओला असल्यामुळे पांढरा त्यात मिसळून करडा चिखल व्हायचा, मग मी अजून पांढरा लावायचे, अजून चिखल. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे आणि सकाळी बघितलं की रडू यायचं.

मला ऑइल खऱ्या अर्थानं शिकवलं ते एका निवृत्त सरांनी, दर रविवारी त्यांच्या घरी जायचे. सरांनी वाफेबद्दल एक शब्दही न बोलता मला आधी एक काळा तवा, एक राखाडी वीट आणि एक पांढरं फडकं असं मांडून दिलं आणि फक्त तीन टोन वापरून काढायला लावलं. सहा रविवार तेच. मला तेव्हा कंटाळा यायचा, खरं सांगते. पण त्या फडक्याची सावलीतली बाजू उजेडातल्या विटेपेक्षा गडद आहे हे ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी मी सरांच्या खोलीत उभीच राहिले. पांढरं फडकं, आणि विटेपेक्षा गडद!

त्यानंतर मी गुऱ्हाळात रंग न्यायचं बंद केलं आणि वही न्यायला लागले. नुसतं बघायचं आणि लिहायचं. त्या वहीतल्या काही नोंदी अजून माझ्या उपयोगी पडतात. वाफेच्या मागं छपराचा अंधार असला तर ती उजळ दिसते, पण तीच वाफ जरा सरकून दाराच्या उघड्या उजेडापुढं आली की चक्क गडद दिसते, बाहेरच्या आभाळापेक्षा गडद. एकच वाफ, एकाच क्षणाला, एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळपट. धुराचं वेगळं, अंधारापुढं धूर निळसर दिसतो, उजेडापुढं तपकिरी, तर वाफ नुसती करडी होते. संध्याकाळी जाळ मोठा असला की वाफेचा खालचा भाग नारिंगी आणि वर जाईल तसा थंड. हे सगळं मी वीस वर्षं रोज बघत होते आणि तरी बघितलं नव्हतं.

प्रेरणेचं विचाराल तर कोल्हापुरात राहून चित्रकारांची नावं कानावर पडत नाहीत असं होतच नाही. आबालाल रहिमान हे माझ्यासाठी सगळ्यात जवळचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परत आले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, १९३१ मध्ये गेले. महाराज गेल्यावर त्यांनी आपली ढीगभर चित्रं तळ्यात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात, ते ऐकलं की आजही पोटात कालवतं. पण मला त्यांच्याकडून मिळालं ते वेगळंच. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगा, हे त्यांनी परत परत काढलं, उजेड बदलला की परत. मला सारखं कुणीतरी म्हणायचं, अगं किती दिवस ते गुऱ्हाळच काढणार, विषय बदल की. आबालालांची चित्रं बघून आल्यावर मी हे मनावर घेणं सोडून दिलं. बाबुराव पेंटरांचंही तसंच, लोकांना ते सिनेमामुळं माहीत, पण कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये न जाता नाटकाचे पडदे रंगवत रंगवत हा माणूस ऑइलमध्ये किती पुढं गेला ते बघितलं की एटीडीवाली आहे, जीडी आर्ट (चित्रकलेची वरची पदविका) नाही, ही माझी खंत जरा कमी होते.

आणि हळदणकरांचं दिवेवालीचं चित्र. सावळाराम हळदणकर मूळ सावंतवाडीचे, आणि ते चित्र आता म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कॅलेंडरवर, फ्रेमच्या दुकानात ते सगळ्यांनीच बघितलेलं असतं, बरेच जण ते रवि वर्म्याचं समजतात आणि ऑइल समजतात. ते वॉटरकलर आहे! सरांनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. त्या चित्रात दिवा धरून उभी आहे ती हळदणकरांची मुलगी, गीताताई उपळेकर, आणि त्या आमच्या कोल्हापुरातच राहायच्या, २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. मला भेटायचं होतं, राहून गेलं. त्या चित्राचा प्रिंट मी गोठ्याच्या भिंतीला लावलाय. त्यात ज्योत हाताआड आहे, दिसतात ती लाल झालेली बोटं आणि हनुवटीखालून वर चढणारा उजेड. आमच्या गुऱ्हाळातही तसंच असतं, चुलवाण जमिनीत खाली, जाळ डोळ्यांना दिसत नाही, माणसांच्या हनुवटीवर, नाकपुड्यांत आणि छपराच्या वाशांच्या खालच्या बाजूला तेवढा कळतो. मी आधी जाळ काढायचे, लालभडक. आता जाळ काढत नाही.

औंधला दोनदा गेले, साताऱ्याकडून रहिमतपूरमार्गे. पंतप्रतिनिधींचं म्युझियम, यमाईच्या डोंगरावर, १९३८ चं. तिथं रवि वर्म्याची ओरिजिनल चित्रं आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, इतकंच काय इंग्लंडच्या शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं मदर अँड चाइल्डसुद्धा आहे, एवढ्याशा गावात. पहिल्या वेळी मी चित्रांपुढं तिरकी उभी राहून पृष्ठभाग बघत होते तर तिथला कर्मचारी संशयानं माझ्याच मागं फिरत होता. तिरकं बघितलं की कळतं कुठं रंग जाड आहे आणि कुठं पातळ. अंधार पातळ, जवळजवळ धुतल्यासारखा, आणि उजेडाच्या जागी रंगाचा थर. मी बरोबर उलटं करत होते, अंधार जाड थापायचे. मोबाइलवर कितीही झूम करा, हे दिसत नाही. मोबाइलवर मी फ्रेंच चित्रकार मोने बघितला, १८७७ मध्ये त्यानं पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनची डझनभर चित्रं काढली, इंजिनं, काचेचं छप्पर आणि वाफ, आणि त्याच्याही वाफेत नुसता पांढरा जवळजवळ नाहीच, निळं, जांभळट, करडं. माझ्या वहीतल्या नोंदीला त्याचा दुजोरा मिळाला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले होते.

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते, कारण हे कुठं लिहिलेलं मला वेळेवर सापडलं नाही.

गुऱ्हाळात प्रत्यक्ष बसून मोठं चित्र करायचं असं मी ठरवलं, दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास घेऊन गेले. आण्णांनी टर्पेंटाइनची बाटली बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये पेटतंय का गं?" मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग चुलवाणाजवळ आणायचं न्हाई. शंभर चिपाडाच्या भाऱ्या हायत हितं." बरोबरच होतं त्यांचं. मग मी टर्पेंटाइन घरी ठेवून फक्त जवसाच्या तेलात रंग पातळ करून लावायला लागले. छान सरकत होता ब्रश, मला वाटलं जमलं. दोन आठवडे तिथं काम केलं, मग घरी आणून वरचे थर टर्पेंटाइन घालून पातळ पातळ लावले. चित्र चांगलं झालं होतं, खरंच. सरांनाही आवडलं.

पुढच्या पावसाळ्यात त्याला भेगा गेल्या. आण्णांच्या खांद्यापासून काहिलीच्या काठापर्यंत, वाळलेल्या तळ्यासारख्या. ऑइलचा रंग वॉटरकलरसारखा सुकत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि जास्त तेलाचा थर आतून महिनोन्महिने हलत राहतो. म्हणून खाली कमी तेल, वर जास्त तेल हा नियम. मी खाली तेल ओतलं होतं आणि वर कोरडा थर. वरचा आधी कडक झाला, खालचा सरकत राहिला, वरचा फाटला. शिवाय कॅनव्हासही मी फेव्हिकॉल आणि व्हायटिंग पावडरचं (खडूच्या भुकटीचं) घरगुती प्रायमिंग, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, देऊन बनवलेला, त्यात फेव्हिकॉल जास्त झालेला असणार. त्या कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशीही आली होती, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. सर एवढंच म्हणाले की भेगा पुसू नकोस, ठेव, बघत जा. ठेवलाय, दारामागं.

आता पद्धत बदलली आहे. गुऱ्हाळात जाते ते छोट्या हार्डबोर्डच्या तुकड्यांवर, वहीएवढ्या, ट्यूबमधला रंग तसाच, ना तेल ना टर्पेंटाइन, हॉगहेअर (डुकराच्या राठ केसांच्या) ब्रशनं, वीस-पंचवीस मिनिटांत एक. चिपाडाची राख उडते ती ओल्या रंगावर बसते, काळे काळे कण. सुरुवातीला मी सुईनं एक एक काढायचे. एकदा एका बोर्डावर छपराच्या अंधारात ते कण तसेच राहिले आणि सुकल्यावर बघते तर हवा तेवढीच खरी दिसत होती, तेव्हापासून अंधारातले ठेवते, चेहऱ्यावरचे काढते. मोठं काम घरी, जुन्या गोठ्यात. म्हशी विकल्यापासून तो रिकामा होता, दार उत्तरेला आहे म्हणून दिवसभर उजेड सारखाच राहतो. आईची एकच अट, तेलाची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत. जवसाच्या तेलाची चुरगाळलेली फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात हे मीच तिला सांगितलं होतं आणि आता ती रोज संध्याकाळी बादलीत पाणी आहे का बघते.

मागच्या सीझनला सुरू केलेलं चित्र तीन बाय चार फुटांचं आहे. आण्णा काहिलीवर वाकून लांब दांड्यानं ढवळतायत, गुळव्या तात्या काठावर उकिडवे बसून बुडबुडे बघतायत. सगळ्यात आधी बर्न्ट अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन, टर्पेंटाइन घालून पातळ, नुसता अंधार-उजेड. अंबर लवकर सुकतो, दोन दिवसांत हात लावला तरी चालतो, म्हणून खालच्या थराला मला तोच बरा वाटतो. मग हळूहळू रंग. आणि वाफ सगळ्यात शेवटी, खालचं सगळं पूर्ण सुकल्यावर, कोरड्या ब्रशनं. यलो ऑकर, अल्ट्रामरीन आणि टिटॅनियम व्हाइट मिळून एक उबदार करडा करायचा, ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि कॅनव्हासच्या नुसत्या उंचवट्यांवर घासायचा, कुठं कुठं अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागानं चोळायचं. खालचा अंधार त्यातून दिसत राहिला पाहिजे. तो दिसला तरच ती वाफ वाटते, झाकला की परत कापूस.

म्हणजे वाफेच्या मागं जे आहे ते आधी पूर्ण, नीट, शेवटपर्यंत काढावं लागतं आणि मग ते झाकावं लागतं. अर्धवट काढून वर वाफ मारली तर लबाडी लगेच कळते.

आण्णांचा चेहरा मी सात आठवडे काढत होते. आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यात चांगला चेहरा. कपाळावरची पट्टी, डाव्या भुवईतला पांढरा केस, खालून आलेल्या उजेडात ओठांची घडी, तोंड किंचित उघडं कारण वाफेत ते तसाच श्वास घेतात. आणि माझ्या वहीत, बोर्डांवर, सगळीकडे स्पष्ट होतं की ते ज्या जागी उभे आहेत तिथं, त्या उकळीला, चेहरा दिसतच नाही. हनुवटी दिसते, एक कान दिसतो, बाकी वाफेत. मी वाफ त्यांच्या डाव्या बाजूनं नेली, खोटी दिसली, पुसली. वरून नेली, खोटी. दोन महिने कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला. त्याच काळात एका प्रदर्शनाला दुसरं एक चित्र पाठवलं होतं, ते निवडलं गेलं नाही आणि परत आलं तेव्हा पॅकिंग उघडं, कोपऱ्यात भोक पडलेलं. कुणी जबाबदारी घेतली नाही. आतून ठिगळ लावून तेही ठेवून दिलंय. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला सरांबरोबर जाऊन आले होते, तिथं स्वतःचा शो म्हणजे बुकिंगसाठीच वर्षं थांबावं लागतं, आणि तोपर्यंत दाखवण्यासारखं काय असणार माझ्याकडं, असं मनात यायचं. मला तेव्हा तो चेहरा अजूनच झाकवेना, निदान एवढं तरी लोकांना दिसू दे असं वाटायचं.

शेवटी एका सकाळी, शाळेला सुट्टी होती, मी आधी चेहऱ्याचा मोबाइलवर फोटो काढला, मग करडा रंग केला आणि कपाळापासून सुरुवात केली. अर्धा तासही लागला नाही. भुवई गेली, तो पांढरा केस गेला. डोळ्यांच्या जागी आल्यावर हात थांबला, मग अंगठ्यानं चोळलं. हनुवटी आणि कान ठेवला. मागं जाऊन दारातून बघितलं तर गोठ्यात गरम वाटत होतं.

आण्णा दुपारी जेवायला आले तेव्हा गोठ्यात डोकावले. बराच वेळ बघत होते. मी काहीच बोलले नाही. मग म्हणाले, "आगं, मी हाय की ह्यो."

"कशावरून?" मी विचारलं.

"दांडा कोण धरतंय आसा," म्हणाले आणि स्वतःचा उजवा हात वर धरून दाखवला, करंगळी दांड्यावरून जरा सुटलेली, बावीस वर्षांपूर्वी घाण्यात सापडली होती ती. मी ती करंगळी मुद्दाम काढली नव्हती, बोर्डावरच्या स्केचमधून तशीच आली होती.

चित्र अजून गोठ्यातच आहे, व्हार्निशला अजून निदान सहा महिने. काही जागी रंग आत शोषून मॅट झालाय, विशेषतः अंधारात, तिथं पुढच्या महिन्यात अगदी पातळ तेलाचा हात फिरवून बघणार आहे. या सीझनला मात्र मला पहाटेचं करायचंय, चार वाजताची पहिली काहील, तेव्हा बाहेर थंडी असते आणि वाफ छपराबाहेर पडल्या पडल्या खाली बसते, जमिनीलगत पसरते. ती अजून एकदाही जमलेली नाही. बारा बोर्ड कापून ठेवलेत.